पिंक्स्टरच्या सणाला कोंडलेली पोर

आल्बनी, २० मे १८११
चि. डिआन हिस बेट आजीचे अ. आ.
तुझा निरोप पोचला. गुलामांचा दलाल दात तपासायला आला आणि तू त्याचे बोट चावलेस, झकास केलेस. मालकाने पाठ फोडली, तिथे चरबी लाव आणि रडणे पुरे कर. माणसे दक्षिणेत विकायला कायद्याने बंदी आहे, पण मालकाच्या त्या दगडी घराला कायदा कधी लागला? इंग्रजांशी लढाई चालली त्या वेळी थोरल्या मालकाने तिथेच स्वातंत्र्याच्या नावाने पेले भरले. वाढणारा तुझा आजोबा. तळाला उरलेला घोट त्याने स्वतःच्या नावाने घेतला, तर पाहुण्यांदेखत त्याची दोन बोटे छाटली. शेजारी अजून त्या घराला स्वातंत्र्याचे घर म्हणतात, मेले!
पिंक्स्टरच्या सणाला आपल्या गुलाम माणसांना तीन दिवस सुट्टी द्यावीच लागते. नाचाच्या टेकडीवर जा. ढोलवाला क्वाको तुला डोंगरापलीकडे मॅसॅच्युसेट्सात पोचवील. तिथे गुलामी नाही. नटू नकोस, लग्नाला नाही चाललीस.
लोभ आहे म्हणूनच ओरडते.
बेट आजी

स्टॉकब्रिज, मॅसॅच्युसेट्स, ९ जून
ती. आजीस डिआनचा सा. न. वि. वि.
पोचले, पण एकटी. सणाच्या सकाळीच मालकाने मला तळघरात कोंडले. म्हणाला, आता सण नव्या मालकाकडे कर. घराघरातली सगळी माणसे आल्याशिवाय आपला ढोल सुरू होत नाही, हे तो विसरला. क्वाकोने टिपरू उचललेच नाही. सारी टेकडी उतरून दाराशी आली आणि मला मागू लागली. मालकाने बंदूक झाडली. गोळी क्वाकोच्या छातीत बसली. मग माणसांनी कुऱ्हाडीने दार फोडले. जिन्यात मालक आडवा आला, मी चुलीची सळई त्याच्या जबड्यावर घातली. हाड मोडलेले ऐकू आले.
क्वाकोचे अंग ओलांडून पळाले, आजी. माघारी येऊन शिक्षा घ्यावी असे वाटते.
माया असू द्यावी.
डिआन

आल्बनी, १७ जून
चि. डिआन हिस अ. आ.
क्वाकोला पुरला. टेकडीवरच्या सगळ्यांना चाबकाने फोडले, कोणी तुझा पत्ता सांगितला नाही. फौजदार माझ्याकडेही आला. मी म्हटले, पोरीला का कोंडली ते आधी मालकाला विचार. त्याने काठी तोंडावर मारली. पुढचे दात गेले. तसेही हलतच होते.
शिक्षेची एवढी हौस आहे, तर तिथेच जग. ते काही हलके नाही. मी मेल्याचा निरोप आला तरी येऊ नकोस. तो मालकानेच पाठवला असेल. आणि खरीच मेले, तर पुरायला इथे माणसे आहेत.
लोभ कर, पण तिथूनच.
बेट आजी