चोराच्या अंगावरचं लुगडं

आये, तुला आन् बाबांना योगिनीचा वाकून नमस्कार.

मी इकडं गोरेगावात बरी हाय, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला कमी झाला का?

आमचा डोंबिवलीच्या चोरांचा विनोदी सिनेमा चांगला चाललाय. पण सापगावच्या बायांना घेऊन तू बघायला जाऊ नको गो. तुझं लग्नातलं लुगडं मी सिनेमातल्या नायिकेच्या आजीला नेसवायला नेलं होतं. दिग्दर्शकाने ऐन वेळी ते चोराला नेसवलं. मला नाय म्हणता आलं नाय. ते नेसून चोर गटारात पडतो तवा अख्खं थेटर हसतं. मी पण हसले. शेजारच्या मैत्रिणीने विचारलं, "कुणाचं आहे हे लुगडं?"

मी बोलले, "भाड्याचं."

लुगडं धुतलंय, पण काठ फाटलाय. रविवारी घेऊन येते. शिव्या घाल, पण गप बसू नको.

तुझी,
योगिनी