मशीनचा कागद आणि तुमची सही

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की भंडाऱ्यात तुमच्या दवाखान्याची जागा विचारली तर लोक पितळी भांड्यांचं दुकान दाखवतात. मी मात्र अजून सांगतो, इथं मनाच्या डॉक्टरीण बसायच्या आणि मी त्यांच्याकडं कामाला होतो. सांगताना छाती फुगते. दहावीत दोनदा नापास, तेव्हा बावीस वर्षांचा, कुठंच न टिकणारा माणूस मी. ट्रकवर क्लीनर झालो, तलावावर मासे धरले, मग तुम्ही ठेवून घेतलंत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना प्रश्न वाचून दाखवायचे, हो-नाहीच्या चौकटीत खूण करायची, पाकीट एसटीनं नागपूरला पोचवायचं. ऐंशी सालानंतरचे दिवस. तिथल्या एका संस्थेत कॉम्प्युटर आला होता, खुणा मोजून तो माणसाचं मन सांगायचा. त्या थंड खोलीत चपला काढून जावं लागे, देवळासारखं. मी काचेतून बघत राहायचो आणि परतीची बस चुकायची.

धान पिकायला आलं होतं तेव्हा मोहाडीकडची एक विधवा आली. दिरानंच आणली होती, डोकं फिरलं म्हणून. "कोणी जवळ नसताना आवाज ऐकू येतात का?" मी वाचलं. "येतेत ना जी, धान पिकलं का रोजच," ती म्हणाली. मी 'हो'वर खूण केली. "आपल्या वाईटावर कोणी आहे असं वाटतं?" "हाव, टपूनच बसले हायेत." खूण.

आठवड्यानं नागपूरहून मशीनचा, कडेला भोकं असलेला कागद आला : तीव्र मनोविकार, दाखल करावे. दुसऱ्या दिवशी दीर हजर. त्याला त्यावर तुमची सही हवी होती. सही मिळाली की वहिनी पागलखान्यात, आणि तिची सहा वर्षांची पोरगी अन् दोन एकर धान त्याच्या घरात.

तुम्ही मला आत बोलावलंत. "ती काय म्हणाली?"

"हो म्हणाली."

"नुसतं हो?" तुम्ही कागद माझ्यापुढं सरकवलात. "अरे, मले खुणा दिसून राहिल्या, बाई कुठं दिसत नाही. चल."

आपण एसटीतून उतरतो. तुम्ही चपला हातात घेऊन शेताच्या धुऱ्यावरून चालताय, पाय घसरला की माझा खांदा धरताय. बांधावर तिच्याशेजारी बसून पहिल्या प्रश्नापासून सगळं पुन्हा विचारताय. ती शेतातल्या मचाणाकडं बोट करते. "रातभर तिथं बसा लागते जी. डुकरं आले का मी हाका मारते, पलीकडच्या वावरातून दुसरे राखणदार ओरडतेत. अंधारात कोनी दिसते का? आवाजच येते."

"अन् वाईटावर कोण?"

"डुकरं. अन् माहा दीर."

तुम्ही दोघीही हसलात. मग तुम्ही म्हणालात, "तुझा कागद मशीनकडं पाठवला, तुले विचारलं नाही. माझी चूक झाली." "असं कायले म्हणता जी, तुमी डाक्टर," ती अवघडून म्हणाली. डॉक्टरनं रोग्याची माफी मागितलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. नंतरही नाही.

"मशीन खोटं बोलते का?" दीर दवाखान्यात ओरडला. तुम्ही शांत. "आपण दिलं तेवढंच मशीनला कळलं. सही माझी आहे, ती मिळणार नाही." त्यानं वरपर्यंत अर्ज केले. प्रत्येक वेळी तुम्ही जाऊन तेच सांगितलंत. पोरगी आईजवळच राहिली. त्यानंतर खुणेशेजारी माणसाचं बोलणं त्याच्याच शब्दांत लिहायचं, अन् त्याला विचारल्याशिवाय पाकीट हलवायचं नाही, असा आपला नियम झाला. माझं अक्षर कोंबडीचे पाय, पण लिहिलं.

आताची मशीन फोनात बसते, गोड बोलते. माझी पुतणी समुपदेशक आहे, तीही वापरते. मी तिला एवढंच विचारतो, समोरच्याला सांगितलंस का, त्याचं बोलणं हिच्यात घातलं म्हणून? ती चिडते. मग सांगते, "विचारलं, काका."

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा घडी करून ट्रंकेत ठेवतो. खुणा मी केल्या होत्या, पण चूक तुम्ही तुमच्या नावावर घेतलीत, आणि मला इतकी घाई काहून होती हे कधी विचारलं नाहीत. त्या विधवेला प्रश्न वाचून दाखवत होतो तेव्हा बाहेर अस्वलवाला आला होता, बाई. "पुरं आयक ना, भाऊ," असं ती म्हणाली होती. मी ऐकलं होतं, आणि तरी उठलो होतो.