लिफाफा म्हणजे पाकीट नव्हे

३ जून
ही जाऊन चार महिने झाले. घराच्या नोंदीतून हिचं नाव कमी करायचा अर्ज उद्या टाकणार. दोन मिनिटांचं काम. कार्यालयाच्या पत्रात शेवटी लिहिलंय, 'स्वतःचा पत्ता लिहिलेला लिफाफा जोडावा.' तीस वर्षं ऑफिसात टपालाची आवक-जावक सांभाळली. आम्ही पाकीट म्हणायचो. लिफाफा काहीतरी वेगळा असणार. घाई नको.

५ जून
स्टेशनरीवाल्याकडे लिफाफा मागितला. त्याने पाकीट पुढे केलं. परत दिलं. म्हणाला, काका, एकच असतं हो. एकच असतं तर दोन शब्द कशाला ठेवले असते? हल्ली दुकानदारांना मालाची माहिती नसते.

६ जून
मुलीचा फोन. अर्ज गेला का म्हणाली. लिफाफ्याची अडचण समजावून सांगितली. तिने ऐकून घेतलं. मग जेवलात का, असं विचारलं. विषय बदलायची सवय आईची.

९ जून, सकाळी ११
शब्दकोश काढला. लिफाफा: फारसीतून आलेला शब्द. पत्राचं पाकीट. मूळ अर्थ, गुंडाळायचं कापड.
कोश जागेवर ठेवला. आज बाकी काही नाही.

१४ जून
मुलगी आली. हिच्या शिवणाच्या डब्यात पाकिटांचा गठ्ठा निघाला. वर हिच्या अक्षरात चिठ्ठी: 'लिफाफे'. अडतीस वर्षांत हिच्या तोंडून हा शब्द ऐकला नाही. म्हणत असेलही. मी पेपर वाचत असेन.
मुलगी म्हणाली, "बाबा, आता तरी टाका. की तुम्हाला टाकायचाच नाहीये?"
काहीतरीच.

१५ जून, दुपारी ३
टाकला. एका लिफाफ्यात अर्ज आणि दुसरा लिफाफा. दोन्हींवर पत्ता सुवाच्य, पिनकोडसकट. सवय जात नाही माणसाची. पेटीत नीट पडला का, वाकून पाहिलं. एकदम मोकळं वाटतंय. कागदपत्रं मार्गी लागली की माणूस सावरतो, हे मी सर्वांना सांगणार आहे.

१८ जून
पोस्टमनने बेल वाजवली. तिसऱ्या दिवशी उत्तर. कार्यालयाचं कौतुक वाटलं. उघडलं. आत माझाच अर्ज, माझाच दुसरा लिफाफा. दोन्ही लिफाफ्यांवर पत्ता माझाच.
हिचं नाव अजून नोंदीत आहे.
मुलीला फोन केला. अर्ज व्यवस्थित पोचला म्हणून सांगितलं.