धाकट्यासाठीची प्रार्थना

आये, काल माझ्या थोरलीने धाकटीला दटावलं आणि दिवसभर तू डोळ्यांपुढून हलली नाहीस. धाकटी पाच वर्षांची आहे. जेवणाआधी डोळे टक्क उघडे ठेवून ती म्हणाली, "देवा, आमची कोंबडी अंड्यांवर बसली आहे, सगळ्यांतून पिल्लं निघू दे, काळं तर हवंच." थोरली लगेच म्हणाली, "असं नसतं म्हणायचं! शिकवलंय तसं म्हण." धाकटीने डोळे मिटले आणि पाठ केलेलं घडाघडा म्हणून टाकलं. यांनी थोरलीला शाबासकी दिली. मास्तर माणूस, पाठांतरावर खूश. मी भाकरी थापत होते. तव्यावरची उलटली आणि पुढची थापायला घेतली. पोरींना प्रभूच्या मार्गात वाढवायचं म्हणून एवढी धडपड करते, पण काल त्या वेळी काय बोलायला हवं होतं ते मला अजून सापडलेलं नाही.

तू जात्यावर नागली दळायला बसायचीस तेव्हा कुडापलीकडच्या शेजारणीशी बोलावं तशी देवाशी बोलायचीस, आपल्या डोंगरातल्या कोकणी लोकांच्या बोलीत. मोहाची फुलं वाळत घातली आहेत, दोन दिवस आभाळ आणू नको. बकरी पान्हा चोरते, तिला अक्कल दे. मध्येच मला हाक मारून चूल बघायला सांगायचीस आणि पुन्हा त्याच्याशी सुरू. बाप्तिस्मा घेऊन तुला फार वर्षं झाली नव्हती, अक्षर एक येत नव्हतं, पण तुझं त्याचं बरं जमलं होतं. मग मी मिशनच्या बोर्डिंगातून सुट्टीला घरी आले. नऊ-दहा वर्षांची, अंगात नवा पोलका आणि डोक्यात नवं शहाणपण. मी तुला म्हटलं, "अशी प्रार्थना देवाला पोचत नाही. डोळे मिटायचे, हात जोडायचे, आणि शाळेतल्या मराठीत म्हणायचं." आमच्या मडमने असं कधीच सांगितलं नव्हतं, आये. ते मी माझ्या पदरचं घातलं होतं. तू चिडशील, पाठीत धपाटा घालशील असं वाटलं होतं. तू फक्त हाताचं पीठ झटकलंस आणि डोळे मिटून गप्प बसलीस. तेव्हापासून जेवताना मलाच "तू म्हण" म्हणायचीस, आणि विसरवाडीच्या बाजारात भेटेल तिला सांगायचीस की माझ्या पोरीला देवाची भाषा येते. मला तेव्हा तो केवढा मान वाटला!

त्याच सुट्टीत माझा भाऊ, आपला धाकटा, तापाने पडला. तीन वर्षांचा होता. चौथ्या दिवशी बा औषध आणायला नवापूरला चालत निघाला. भर दुपार आहे, पोर तुझ्या मांडीवर आहे, तू ओल्या फडक्याने त्याचं कपाळ पुसते आहेस. तुझ्या तोंडून निघून गेलं, "देव बाप, माना पोसाला बरा..." आणि पोराला बरं कर एवढंही पुरं न करता तू थांबलीस. माझ्याकडे पाहिलंस. म्हणालीस, तू म्हण, तुझं त्याला कळतं. मी उठून उभी राहिले, शाळेत राहायची तशी. हात जोडले आणि शाळेत पाठ केलेली प्रभूची प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली, एकही शब्द न चुकता. तीत भाकर आहे, क्षमा आहे. आपला धाकटा तीत नाही. माझं सगळं लक्ष चूक होऊ नये इकडे होतं. तू मोठ्याने आमेन म्हणालीस आणि विचारलंस, "तुनी मांगा ना?" मी म्हटलं, "हां, मागितलं." बा औषधाची बाटली घेऊन परतला तेव्हा धाकटा गेलेला होता.

आजी बाप्तिस्मा न घेतलेली. ती सगळ्यांसमोर म्हणाली, देवमोगरा मातेला बकरा कबूल केला असता तर पोर वाचलं असतं. तू रडत होतीस, तरी मान ताठ करून तिला सांगितलंस, माझ्या पोरीने मागितलं, नीट मागितलं. त्याने दिलं नाही, त्याची मर्जी. पुढे मरेपर्यंत तू हेच म्हणत राहिलीस, आणि दर रविवारी चार मैल चालत प्रभूच्या देवळात जात राहिलीस. किती वेळा खरं सांगेन म्हटलं! पण तू त्या एका गोष्टीला धरून उभी होतीस, ती मी कशी काढून घेऊ? आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती.

आज सकाळी धाकटीला खुराड्यापाशी नेलं. म्हटलं, काल म्हणत होतीस ते आता म्हण, मनात येईल तसं. तिने हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि पुन्हा पाठ केलेलंच म्हटलं. मग बरोबर झालं का म्हणून माझ्याकडे बघत राहिली. मी स्वतः तुझ्यासारखं बोलून दाखवायला गेले, तर आपल्या बोलीतलं तुझं ते अर्धं वाक्य तेवढं तोंडात आलं. पुढचं येईना.

आपली बोली लिहायला मला कुणी शिकवली नाही, म्हणून हे मराठीत लिहिते आहे. मी मागितलं नव्हतं, आये. तू असतीस तर हे पत्र मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि एवढं एक वाक्य मी गाळलं असतं.