बुजवलेल्या खिडकीबाबत

आमच्या चर्चची डावी खिडकी सरदाराच्या थडग्यासाठी विटांनी बुजवली आणि कोणी हूं की चूं केले नाही, हे आधी लिहा. देवाचे नाव मग घ्या, तो थांबेल.

मी पोर्त्सिया, नेपल्सच्या मासळीबाजारामागे राहणारी धोबीण, विधवा. ताप छातीत उतरला आहे, डोके जागेवर आहे. लिहिता येत नाही म्हणून नोटरी जान लेओनार्दो यांना सांगून हे मृत्युपत्र लिहवून घेते. कोणाच्या धाकाने नाही. धाक घालणारे माझ्या आधीच गेले.

राहती खोली, तांब्याचे घंगाळ आणि इस्त्र्या माझी नात मेनेकेल्ला हिला. भाऊ चिरो याला काही नाही. प्लेगच्या साली त्याने आम्हाला दार उघडले नव्हते. फारच मागे लागला तर माझ्या दाराची जुनी कडी काढून द्या.

लिननची मोठी पांढरी चादर, तीही मेनेकेल्लाला. मला तिच्यात गुंडाळू नका. वेदीवरचे, येशूला क्रुसावरून उतरवतानाचे चित्र काढताना चित्रकाराने खाली रडणारी मग्दालीया मरीया म्हणून माझ्या लेकीला, तोल्लाला बसवले होते. रड म्हटल्यावर ती फिदीफिदी हसली. तो म्हणाला, "रडू नको बाई. रडून थकल्यावर जशी बसतेस तशी बस." तिचा नवरा नुकताच दर्यात बुडून गेला होता. तिने तोंड अर्धवट उघडे टाकले आणि तशीच राहिली. एक गाल काळोखात जात होता, म्हणून त्याने मला समोर ही चादर धरायला लावली.

"मावशी, हलू नका."

"हात भरून आले माझे."

"येशूला धरून उभे आहेत त्यांचे नाही भरून येत?"

"त्यांना तू दारू पाजतोस."

त्या चित्रात सगळे खाली उतरत येते. शिडीवरच्या म्हाताऱ्याचा हात, त्याखाली मेलेल्या येशूचा लोंबता दंड, त्याच्या बोटांखाली माझ्या तोल्लाचे तोंड. नजर वरून घसरते ती तिथे येऊन अडते. उजेडही डावीकडून, खिडकी बघूनच रंगवलेला. दुपारच्या प्रार्थनेला खरे ऊन आणि रंगातले ऊन दोन्ही तिच्या गालावर यायचे.

प्लेगमध्ये तोल्ला गेली. गाडीवाल्यांनी कोणत्या खड्ड्यात टाकली ते माहीत नाही. मेनेकेल्ला तेव्हा अंगावर पीत होती. तिने आई पाहिली ती त्या चित्रातच.

खिडकी बुजल्यावर मी फादर आनिएल्लोकडे गेले.

"पोर्त्सियाबाई, सरदारांनी चर्चला नवं छत दिलंय."

"छताखाली काही दिसायला नको?"

"मेणबत्त्या आहेत की."

मेणबत्त्या खालून जळतात. हनुवटी तेवढी उजळते, डोळ्यांच्या खोबण्या होतात, पोर चेटकिणीसारखी दिसते. वर काजळी बसते ती वेगळीच. मग मी ही चादर घेऊन चर्चच्या दारात उभी राहिले, उजेड आत फेकायला. दारापासून वेदी लांब. चादर नुसतीच पांढरी राहिली.

तेव्हा माझ्या नावाने त्या चित्रापुढे एकही मेणबत्ती लावायची नाही.

नोटरींनी हे वाचून दाखवले तशी शेजारीण रडू लागली. मी बरी व्हावी म्हणून गल्लीतल्या बायका रोज तिथेच मेणबत्त्या लावताहेत, चांगल्या जाडजूड. मेनेकेल्ला काल जाऊन आली. म्हणाली, "आजी, तोंड नाही दिसलं गं. येशूचा हात दिसला." आता बायकांना शिव्या तरी कोणत्या तोंडाने द्यायच्या. माझ्यासाठीच करतात. मला पायरी उतरवत नाही.

हे माझ्या सांगण्याबरहुकूम आहे.

पोर्त्सिया, फुलीची निशाणी
साक्षीदार: आन्येसे, शेजारीण, फुली; तित्ता, पाववाला, सही; माझो, जाळी विणणारा, फुली
नेपल्स, ११ मार्च १६७२

सह्यांनंतर सांगितलेले, तेही धरावे: उद्या मेनेकेल्लाला पोर होईल. ते वेदीपुढे उभे राहून विचारील, आईची आई यातली कुठली. उत्तर मेनेकेल्लाने द्यायचे नाही, गल्लीतल्या कोणी द्यायचे नाही. फादर आनिएल्लोने द्यायचे, बोट दाखवून, मेणबत्ती न उचलता.