चेअरमनबाईंची तपासणी

४ फेब्रुवारी २०१३, सोमवार
आज उपकेंद्रातल्या मंजुळा सिस्टर आमच्या महिला दूध संस्थेत आल्या. विषय : आपल्या छातीची तपासणी आपणच करणे. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी चेअरमन, म्हणून हसले नाही. सिस्टर म्हणाल्या, पाळी आल्यावर आठवडाभरानं करायची, आणि पाळीचा नेम नसेल तर महिन्याची एक तारीख धरायची. आडवं व्हायचं, एक हात डोक्याखाली, दुसऱ्या हाताची तीन बोटं, बारीक गोल गोल, पार काखेपर्यंत. आरशातही बघायचं. बऱ्याच गाठी साध्या असतात, पण सापडली तर डॉक्टरला दाखवायची. घरी शेकत बसायचं नाही.
शेवटचं वाक्य माझ्याकडं बघून म्हणाल्या. का बरं? मी तर काहीच विचारलं नव्हतं.
ठराव : चेअरमननं आधी करावं, मग सभासदांनी. उद्याच करते. दहा मिनिटांचं काम. दुधाचा थेंब बोटावर घेऊन मी पाणी किती ते सांगते, मशीनच्या आधी. या बोटांना काय अवघड आहे!

५ फेब्रुवारी
झालं नाही. टँकर आला नाही, म्हणून अंघोळ नाही. असलं काम पारोशानं करू नये. असं सिस्टर म्हणाल्या नाहीत, पण स्वच्छता महत्त्वाची.

९ फेब्रुवारी
टँकर आला. अंघोळ झाली. आरसा नाही. घरात आरसा एकच, यांच्या दाढीचा. हे आमच्या चार म्हशी घेऊन चारा छावणीत राहतात, आरसाही तिकडंच. निरोप पाठवला, आरसा पाठवून द्या. उलट निरोप आला, मग मी कशात बघू? महिनाभरात नवराबायकोचं बोलणं एवढंच.

१४ फेब्रुवारी, सकाळी ६
दूध घालायच्या रांगेत ताराआक्का उभी. हिरवं लुगडं, हातात किटली, माझ्याकडंच बघत होती. माझी थोरली बहीण. तिला जाऊन तीन वर्षं झाली. नीट बघितलं तर आमच्या संस्थेतली छबुबाई. लुगडंही निळं.
उपाशीपोटी काम केलं की असं होतं. उद्यापासून चहाबरोबर दोन बिस्किटं.

१ मार्च
तारीख धरली : दर महिन्याची एक. आज पार पाडली. ऑफिसात, दार लावून, उभ्यानं, ब्लाउजवरून. काही नाही. ओके.
संध्याकाळी सिस्टरनं विचारलं, केली का? म्हटलं, अगदी व्यवस्थित. त्यांनी विचारलं, आडवं होऊन? मी म्हटलं, आज दुधाला फॅट चांगली लागली.

६ मार्च
साबण लावताना उजव्या बाजूला, काखेच्या अलीकडं, काहीतरी लागलं. बोराच्या बीएवढं. परत हात नेला. होतं. परत नेला. होतं. मग पाणी संपलं.
उष्णतेची गाठ असणार. नाहीतर कॅन उचलून शीर धरली असेल. उन्हाळ्यात फॅटचं मशीनसुद्धा चुकीचं दाखवतं, ते थंड होऊ द्यावं लागतं. मीही थांबते.
दिवसभर डावा हात आपोआप तिकडं जातोय. छबुबाई म्हणाली, बाई, काख दुखती का? म्हटलं, ब्लाउज नवं आहे.

७ मार्च
आहे तिथंच आहे. वाढलेली नाही. म्हणजे साधी. हे निदान मी केलं. काम करताना मागं कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. वळून बघितलं नाही. वेळ नव्हता.

८ मार्च, महिला दिन
गेवराईला भाषण. मला बोलावलं ते ‘जागरूक महिला’ म्हणून. शाल, नारळ. मी म्हणाले, बायांनो, घाबरू नका, मी स्वतः दर महिन्याला तपासणी करते. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा शेवटच्या ओळीत हिरवं लुगडं. ती टाळ्या वाजवत नव्हती. पुढचे दोन मुद्दे विसरले. लोकांना वाटलं, मला गहिवरून आलं.
उतरल्यावर आमची सभासद भिवराबाई जवळ आली. दरवर्षी टोळीबरोबर ऊसतोडीला जाते, यंदा कारखाना लवकर बंद झाला म्हणून परत आलीय. हळूच म्हणाली, “बाई, तुमाला समदं कळतंय. मला हितं हरभऱ्यावाणी कायतरी लागतंय. जरा हात लावून बघा की.”
मी म्हटलं, सिस्टरला दाखव. आणि शाल विसरून जीपमध्ये जाऊन बसले.

९ मार्च
भाषण उत्तम झालं.
नाही. हे लिहायला बसले नव्हते. लिहून टाकते, ही वही कोण वाचतंय?
चार वर्षांमागं, दसरा झाल्यावर, ताराआक्का टोळीबरोबर निघाली होती. ट्रॅक्टर दारात उभा. तिनं मला न्हाणीच्या आडोशाला नेलं. म्हणाली, “जानके, हितं हात लावून बघ. तू शाळा शिकलीस.” मला किळस आली. बहिणीची किळस. हात मागं ठेवूनच म्हटलं, दुधाची गाठ असंल, हळद लाव आन शेक. तिच्या धाकट्याचं अंगावरचं दूध सुटून पाच वर्षं झाली होती. कुठलं दूध? तिला ते माझ्याआधी कळलं असणार. तरी “बरं” म्हणाली आणि ट्रॅक्टरवर चढली. उन्हाळ्यात परत आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी आणायला पाहिजे होतं. सगळ्यांनी विचारलं, कुणाला सांगितलं कसं नाही? आक्का म्हणाली, नाही सांगितलं कुणाला. मी तिथंच उभी होते.

१० मार्च
भिवराबाईला बीडला न्यायचं ठरवलं. फक्त सोबत म्हणून. चेअरमनचं कर्तव्य. माझा काही संबंध नाही.

१२ मार्च, बीड
सरकारी दवाखाना. रांग लांब. भिवराबाई एसटीत खिडकीशी बसून सबंध वाटभर सूर्यफुलाच्या बिया खात होती. घाबरली नाही. मीच दोनदा पाणी पिऊन आले.
डॉक्टरीणबाई तरुण. भिवराबाईला तपासलं, सोनोग्राफी लिहिली, सुईची तपासणी लिहिली. मी सगळं वहीत टिपून घेत होते. तेवढ्यात भिवराबाई म्हणाली, “डाक्तरबाई, हेंचं बी बघा. सकाळपास्नं ह्यांचा हात काखंतच हाय.” मी म्हटलं, छे, मी सोबत आलेय. डॉक्टरीण म्हणाल्या, सोबत आलात तर सोबत झोपा टेबलावर.
छताचा पंखा बंद होता. मी छताचे पोपडे बघत होते. त्यांची बोटं फिरत फिरत तिथं आली आणि थांबली. मी डोळे मिटले. मिटल्यावर आक्का. ती काही म्हणत नाही हेच अवघड आहे. भिवराबाईनं माझा पाय धरून ठेवला होता. तिचा हात खरबरीत आहे.

१९ मार्च
रिपोर्ट. सोनोग्राफी माझीही केली होती. माझी पाण्याची गाठ. साधी. डॉक्टरीण म्हणाल्या, तीन महिन्यांनी दाखवा. सगळ्या जिल्ह्यात टँकर फिरतायत आणि पाणी सापडलं ते माझ्यात. मी मोठ्यानं हसले. भिवराबाई हसली नाही, तिचा कागद डॉक्टरांच्या हातात होता.
तिची साधी नाही. पण लहान आहे, वेळेत आलात, ऑपरेशन करू, असं म्हणाल्या. “वेळेत” हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला. मला बाहेर जाऊन बसावं लागलं.
भिवराबाईच बाहेर आली आणि म्हणाली, “रडू नगा बाई, कापायचं मला हाय.”

१ एप्रिल
आज माझी तारीख. भिवराबाईच्या ऑपरेशनच्या गडबडीत जमलं नाही. कारण योग्य आहे. ऑपरेशन नीट झालं.

२० एप्रिल
भिवराबाई घरी आली. संस्थेत माझी खुर्ची मागून घेऊन बसली. बायका तिच्याभोवती. पदर थोडा सरकवून पट्टी दाखवली, बोटं कशी फिरवायची ते दाखवलं. अकरा जणींनी तपासणीसाठी सिस्टरकडं नावं दिली. माझ्या भाषणानंतर दिली होती एकीनं, तीही शाल बघून.
मी सूचना केली की माहिती चेअरमनमार्फत द्यावी. कुणी ऐकलं नाही.

१ मे
दार लावलं. आडवी झाले. एक हात डोक्याखाली, तीन बोटं. डाव्या बाजूला हळू, मग जोरात, काखेपर्यंत. काही नाही. खरंच काही नाही.
उजव्या बाजूला हात गेला नाही. पाण्याची आहे हे माहीत आहे, कागद कपाटात आहे, तरी गेला नाही. पंधरा मिनिटं तशीच पडून होते. बाहेरून छबुबाई ओरडली, बाई, दूध नासतंय. उठले.
सिस्टर विचारतील. सांगणार, अर्धी झाली.