आज काय हवंसं वाटतंय?

३ तारीख, सोमवार
आज पूर्वाह्णी या शुश्रूषागृहात चाकांच्या खुर्चीवरून आमचे शुभागमन झाले. स्वागतास वाद्यवृंद नव्हता. लिफ्टचे दार तेवढे मंगलस्वरात किंचाळले. न्हाणीघरात घसरून खुब्याचे हाड मोडणे न्यायालयीन अनुवादकाच्या इभ्रतीस शोभत नाही, म्हणून विचारणाऱ्यांस मी त्याचे 'जिन्यावर तोल गेला' असे भाषांतर करून देतो.

लेकीने उशी, चष्मा, ही वही हाताशी लावून दिली. चारच आठवडे आहेत बाबा, तोंड जरा आवरा आणि नर्सबाईंना छळू नका, असा सज्जड दम भरून ती गेली. घरी परतताच आमचे प्रथम कर्तव्य म्हणजे पुढच्या दाराच्या बिजागरीस तेल. ती करकरली की लेक आतून ओरडते, बाबा, त्या दाराचं काहीतरी करा! मी गेली कित्येक वर्षे 'प्रकरण विचाराधीन आहे' असे उत्तर देत आलो आहे.

मुख्य परिचारिका मृदुभाषिणी. कपड्यास सुरकुती नाही, कपाळासही नाही. त्यांनी जीवनाच्या गुणवत्तेवर लघुप्रवचन दिले. व्याधी गौण. माणसाला जे हवे आणि जे मिळते यांतले अंतर, हेच मुख्य. ते मिटले की जीवन उत्तम. इतके तत्त्वज्ञान उपाशीपोटी पचत नाही, असे मी नम्रपणे निवेदिले. त्या हसल्या आणि पांघरूण सारखे करत विचारत्या झाल्या, आज काय हवंसं वाटतंय, काका? म्हटले, कॉफी, अशी कडक की चमचा सावधान स्थितीत उभा राहावा. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हात गार होता. सुखद गार.

५ तारीख, बुधवार
शेजारच्या खाटेवर एक निवृत्त कप्तान आहेत. आयुष्य जहाजावर गेले, आता भिंतीकडे तोंड करून पडतात. आज ओठ न हलवता मला बजावले की बाईंना खरे काही सांगू नका. त्यांनी स्वतः खिडकी मागितली होती. खिडकी आहे तिथेच आहे, पण तिच्यातून बघावेसे वाटणेच गेले, म्हणे. आता एकच इच्छा दडवून ठेवली आहे : थापा मारून इथे आणून टाकणाऱ्या धाकट्या भावाच्या कानाखाली एक सणसणीत वाजवायची. त्या थपडेवर जिवंत आहे हो मी, म्हणाले. इतकी सुसंस्कृत महत्त्वाकांक्षा मी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. बाकी सारे वयपरत्वे होणारे भ्रम, असे मी मनोमन नोंदवले.

९ तारीख, रविवार
लेक थर्मासमधून कॉफी घेऊन आली. झाकणात ओतली. वास आला. द्रव तपकिरी होता. याहून अधिक माझे काही मत बनेना. तीच प्यायली. घरी दिवसभर कॉफी-कॉफी करून जीव खायचात, आणि आता बघा, असे हसत म्हणाली. मग दारात बाईंशी बराच वेळ बोलत उभी होती.

दुपारी नित्याचा प्रश्न आला. कॉफी म्हणावेसे वाटेना. वेळ मारून नेण्यासाठी कप्तानांच्या थपडेचा किस्सा रंगवून सांगितला. बाई खळखळून हसल्या. मग कप्तानांच्या खाटेकडे गेल्या.

११ तारीख, मंगळवार
कप्तानांचा भाऊ आला होता. कप्तान त्याच्या गालावरून हात फिरवत राहिले. किती छान दिसतोयस, म्हणाले. भाऊ सद्गदित. तेव्हापासून कप्तान जेवत नाहीत. भूक लागली का विचारले की गोड हसतात.

बाई म्हणाल्या, अंतर मिटलं. अंतर दोन्ही टोकांकडून मिटवता येते, हे मला पहिल्याच दिवशी उमगायला हवे होते. शब्दांवर पोट भरणाऱ्या मला! मी फक्त विनोद केला होता.

१३ तारीख, गुरुवार
कप्तानांची खाट रिकामी. गादी उभी करून ठेवली आहे.

बाईंकडे मी हत्ती मागितला. मग सिंहासन. त्या नुसत्या थांबून राहतात. घाई नाही काका, म्हणतात.

घरी जायचे आहे. ती बिजागरी ऐकायची आहे. एवढेच उरले. हे फक्त लेकीला सांगायचे.

१६ तारीख, रविवार
लिहितो.

लेकीचे दोन्ही हात धरून सगळे सांगितले. तिने डोळे पुसले, जवळ सरकली, विचारले — आज काय हवंसं वाटतंय, बाबा?

तेच शब्द. तरी सांगितले. माझी लेक ती. घरी ने, म्हणालो. दाराला तेल घालतो, म्हणालो. विनोद केला नाही, आयुष्यात प्रथमच.

ती उठली. दार उघडून बाहेर म्हणाली, सांगितलं हो त्यांनी.

बाई दाराशीच होत्या.

लेक फरशीकडे बघत होती. मला नोकरी सांभाळून नाही जमत बाबा, म्हणाली. तुमचं झुरणंही नाही बघवत. एवढं झालं की तुम्हाला काही वाटणार नाही, असं पहिल्या दिवशीच सांगितलंय त्यांनी. पहिल्या दिवशीच. चार आठवडे नव्हतेच कधी.

मी ओरडलो. लेकीनेच माझे मनगट धरून —

१८ तारीख, मंगळवार
खोली छान आहे. लेक येऊन गेली. बिजागरीला तेल घातलं, म्हणाली. कसली, ते विचारायचे राहिले.

एक सल मात्र आहे. तिच्यावर रागावलो आहे. फार. हा राग माझा. कप्तानांची थप्पड, तसा. कोणाला सांगायचा नाही.

१९ तारीख
बाई थांबल्या होत्या. हलेचनात. राग दिला नाही. काहीतरी द्यायलाच हवे, म्हणून म्हणालो — रोज चार ओळी लिहाव्याशा वाटतात —

गार हात.

लिहून ठेवतो. आत्ताच. म्हणजे राहील. मी रागावलो आहे, लेकीवर, कारण तिने मला